दोघींची फी आणि माझे ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. चार मालकांच्या हाताखालून गेल्यावर मी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत लॉर्ना प्रुएटकडे आले. लॉर्ना एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे अंग पुसणे, कूस बदलणे अशी कामे करी. तिला नर्स व्हायचे होते.

आधी तिने मोठ्या जाहिरातींच्या एका खासगी कॉलेजात नाव घातले. वर्षभरात त्याला टाळे लागले, आणि तिथला अभ्यास दुसरीकडे कुणी ग्राह्य धरेना. त्या दिवशी माझ्या स्टिअरिंगवर डोके टेकून ती खूप रडली.

आश्रमाच्या स्वयंपाकघरातल्या ओडेसाने मग डोंगरापलीकडचे दोन वर्षांचे सरकारी कॉलेज शोधून काढले. ओडेसा पन्नाशीची, तोंडाने फटकळ; तिलाही शिकायचे होते.

"फी निम्मीसुद्धा नाही. एकेकच विषय घेऊ. गाडी एक, पुस्तक एक, पेट्रोल अर्धं-अर्धं."

"आणि डोकं?"

"ते तुझं तू आण, बाई. माझं मलाच पुरत नाही."

ते माझे सुखाचे दिवस होते. लॉर्ना गाडी चालवी आणि ओडेसा मोठ्याने पुस्तक वाची. ऐकून ऐकून माणसाची सगळी हाडे मलाही पाठ झाली. घाट चढून मला धाप लागली, की ओडेसा माझ्या काचेखाली थोपटून म्हणे, "शाब्बास, कॉलेजकुमारी! आपल्या तिघींत पहिली तूच पास होणार."

पुढे माझे ब्रेक किंचाळू लागले. ते बदलायलाच हवेत, असे मेकॅनिकने बजावले. नेमकी तेव्हाच फीची तारीख आली.

"काय करायचं गं?" लॉर्नाने विचारले.

"फी थांबत नाही. ब्रेक ओरडू देत महिनाभर. ओरडतायत म्हणजे जिवंत आहेत."

परीक्षेच्या सकाळी उतारावर बर्फ वितळून पाणी झाले होते. ओडेसा हृदयाच्या झडपांची नावे वाचत होती. वळणावर लॉर्नाने ब्रेक दाबला. मी जीव खाऊन थांबू पाहिले, पण मला थांबता आले नाही. ओडेसाच्या बाजूने मी कड्यावर आदळले. वाचन मध्येच तुटले.

आता मी भंगारात पडून आहे. गेल्या आठवड्यात लॉर्ना कुबडी टेकत आली. सोबत ओडेसाचा मुलगा डॅरिल होता. आई तर गेली; तिचा माझ्यात राहिलेला कोट त्याला हवा होता.

"एवढे ब्रेक तरी करून घ्यायचे होतेस, मावशी."

"हो रे."

"आणि कॉलेज?"

"सोडलं."

तो माझ्या दाराकडे वळला. माझे चेपलेले दार उघडेना. मग दोघांनी मिळून ते ओढले.

मित्रांनो, तुमची गाडी ओरडू लागली तर तिचे ऐका, आजचे उद्यावर ढकलू नका. मात्र लॉर्नाला बेफिकीर म्हणू नका. ब्रेक तिच्या ध्यानात होते. शिकायचे की सुखरूप घरी यायचे, यातले एकच तिला परवडत होते.