कस्तुराबाईंची जागल

"हितून शिरले बघ," कस्तुराबाई म्हणाल्या.

दाखवायची गरजच नव्हती. तार जागच्या जागी होती, खांब सरळ उभे होते आणि आत अर्धा हरभरा भुईसपाट झाला होता. रानडुकरांनी घाटे खाल्ले ते खाल्लेच, वर मुसंडी मारून ओळीच्या ओळी उकरून ठेवल्या होत्या. कोपऱ्यातल्या खांबावरची झटका मशीन मात्र पिवळीधमक, नवी कोरी, वरातीत मिरवायला आल्यासारखी दिसत होती.

महांतेश खाली बसला. उपटलेलं एक झाड उचलून तो परत मातीत खोचायला लागला.

"ते आता लागतंय व्हय? सोड."

"काकू, सोलर बॅटरी नीट उनात ठेवली होती नं?"

"तू सांगितलास तसंच केलं. दिवसा ऊन, सांजंला बटण. नातीनं तुझा व्हिडिओ दोनदा लावून दाखवला मला. तू म्हणलास, आता खुशाल घरी झोपा. झोपले मी."

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साधेपणानं सांगत होत्या, आणि महांतेशला मान वर करवत नव्हती. नवरा माणिकराव गेल्यापासून ही बाई एकटी या रानात माळ्यावर बसून जागल करत आली. गुडघे धरले, तरी माळ्याची शिडी सुटली नाही. या हिवाळ्यात पहिल्यांदा ती घरच्या अंथरुणावर निजली, ती महांतेशच्या शब्दावर.

चारठाण्याच्या स्टँडजवळ महांतेशचं मोबाइल रिचार्जचं दुकान. दुकान कसंबसं चालायचं, पण त्याचं चॅनेल मात्र जिंतूर-पाथरीपर्यंत चालायचं. तारेत थांबून थांबून वीज सोडणाऱ्या या झटका मशिनी तो पारखायचा. जनावर मरत नाही, दचकून पळतं; पण कुठली मशीन खरी आणि कुठली नुसती टकटक करणारी, हे विकत घेतल्याशिवाय कळायचं कसं? महांतेश सांगायचा. त्याची रीत सरळ होती. कुणाकडून वस्तू घ्यायची नाही. कुणाच्या तरी रानात हंगामभर राबलेली मशीन तिथंच जाऊन बघायची, मालकाला बोलतं करायचं, आणि चांगलीला चांगली, भंगारला भंगार म्हणायचं. एका दुकानदाराच्या मालाला त्यानं असंच भंगार म्हटलं, तेव्हापासून तो दुकानदार त्याला पाहून तोंड फिरवायचा. महांतेशला त्याचा कोण अभिमान!

मग दिवाळीनंतर 'गर्जना' कंपनीचे व्यंकटराव गाडी घेऊन आले. नुसतं मशीनचं खोकं आणलं असतं तर महांतेशनं कदाचित परत पाठवलं असतं. पण व्यंकटरावांनी आधी शाल काढली, मग नारळ काढला. भर स्टँडवर, चहाच्या टपरीवरची सगळी मंडळी बघत असताना त्यांनी 'महांतेश सर' म्हणून त्याचा सत्कार केला. उभ्या आयुष्यात त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. खोकं त्या शालीच्या पाठोपाठ आलं, आणि ते कधी हातात पडलं हे त्याला कळलंही नाही.

त्यानं मशीन परसात लावली. चांगली चालली. मग एके दिवशी आभाळ भरून आलं, ऊन पडलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत टकटक मंदावत मंदावत बंद पडली. त्याची बायको त्रिवेणी चूल पेटवायला उठली होती, तिनंही ते ऐकलं.

"हे बी सांगा बरं का व्हिडिओत," ती म्हणाली.

"ढग काय रोज येतेत का? त्या माणसानं आपली इज्जत केली, आन् आपुन खामखा त्याच्या मालाला नाव ठिवायचं?"

सोयऱ्याच्या पंगतीत जेवून उठल्यावर भाजीत मीठ कमी होतं असं कुणी म्हणतं का? महांतेशही म्हणाला नाही. मशीन फुकट आली हेही तो बोलला नाही. तेवढ्या दोन गोष्टी सोडल्या, तर व्हिडिओतलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

आणि परवापासून आभाळ भरलेलं होतं.

रानातून परत आल्याबरोबर त्यानं व्यंकटरावांना फोन लावला. "सर, हा वातावरणाचा प्रश्न आहे, त्याला कंपनी काय करणार?" व्यंकटराव गोड आवाजात म्हणाले. "तुम्ही मनावर घेऊ नका. नवीन मॉडेल येतंय, पहिलं खोकं तुम्हालाच." महांतेशनं फोन ठेवला. त्याला स्वतःची किळस आली.

मग त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मोबाइल समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. शाल सांगितली, खोकं सांगितलं, बंद पडलेली टकटक सांगितली, आपण ते लपवलं हेही सांगितलं. 'गर्जना घेऊ नका, घेतली असेल तर ढगाळ दिवसात रान सोडू नका,' असं म्हणून हात जोडले. व्हिडिओ टाकल्यावर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण तो काही फार वेळ उतरलेला राहिला नाही.

'आता कुणाची शाल आली दादा?' व्हिडिओखाली पहिल्यानंच विचारलं होतं, पुढं हसणारी तोंडं. 'दुसऱ्या कंपनीनं जास्त दिले वाटतं.' 'काल चांगली, आज वाईट, उद्या परत चांगली.' पाथरीच्या कुणा सुगतनं लिहिलं होतं, 'तुमच्यामुळं घेतली. आता खरं काय ते एकदाच सांगा.'

चेष्टा करणाऱ्यांचं महांतेशला एवढं लागलं नाही. सुगतचं लागलं. 'आत्ता सांगतोय तेच खरं आहे,' असं त्यानं लिहिलं आणि स्वतःच वाचलं. खोटारडा माणूस दुसरं काय लिहील? त्यानं ते पुसून टाकलं.

दुपारी त्यानं दुकानातल्या इन्व्हर्टरची बॅटरी उचकटली.

"ओ, लाइट गेल्यावर काय करताल?" त्रिवेणी म्हणाली.

"आंधारात बसीन. काकूचा आर्धा हरभरा तरी राह्यलाय. तेवढा वाचू दे."

बॅटरी मोटारसायकलला बांधायला तिनं दोरी आणून दिली.

दिवस कलायला लागला तेव्हा त्यानं जोडणी संपवली होती. तार पुन्हा ताणली, खांबांभोवतीचं गवत उपटलं, हाताची सालटं निघाली. टकटक अशी ठणठणीत चालू झाली की त्याला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात बांधावरून कस्तुराबाई आल्या. खांद्यावर घोंगडी, हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा.

"काकू, आता महिनाभर ढग राहू द्या, ही थांबत न्हाई. मोठी बॅटरी लावलीय, माझ्या दुकानातली. बगा, आवाज बगा कसा यायलाय. तुमी खुशाल घरी..." तो अडखळला. "तुमी घरी झोपा."

कस्तुराबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या सोललेल्या हाताकडे पाहिलं.

"लय ताप घेतलास बाबा," त्या म्हणाल्या. "बरं केलास."

आणि त्या माळ्याकडे वळल्या. शिडीची एक पायरी, मग गुडघ्यावर हात, मग दुसरी.

"काकू, वर कशाला? चालू हाय की मशीन!"

"आसंल."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर महांतेशनं पाय धरले असते. 'आसंल'चं काय करणार?

"मग मी बसतो. तुमी जा, मी करतो जागल."

"तू जा. त्रिवेणी वाट बघत आसंल." वर पोचून त्यांनी घोंगडी पसरली. "माझा हरभरा हाय. मी बघते."

तो मोटारसायकल ढकलतच पांदीच्या वाटेला लागला. सुरू करायचं त्याला सुचलंच नाही. मागं मशीन चालली होती, एका लयीत, जराही न चुकता. मशीन चांगली होती. या वेळी त्यानं काही लपवलं नव्हतं, काही घेतलं नव्हतं.

तेवढ्यात मागून पत्र्याचा डबा वाजायला लागला. "हाऽऽड! हाऽऽड!" कस्तुराबाईंचा आवाज आला. अजून पुरता अंधारही पडला नव्हता, आणि रानात एकही डुक्कर नव्हतं.