एक एके एक

तुम्ही कुठे राहता, हा प्रश्न साधा आहे. माणूस गल्ली सांगतो, खूण सांगतो, प्रश्न मिटतो. खरी पंचाईत होते ती पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाने: बंगला आहे की रो-हाउस? या प्रश्नाला उत्तर देताना चांगल्या चांगल्या माणसांचा आवाज खाली जातो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आपल्या गोष्टीतल्या हेडक्लार्कने तर ते रोज पाहिलं होतं.

तो घरांची नोंदणी करणाऱ्या कचेरीत होता. तिथल्या फॉर्मवर 'घराचा प्रकार' असा रकाना आणि त्यात दोनच चौकोन. चारी बाजूंनी मोकळं घर ते 'स्वतंत्र', शेजाऱ्याशी भिंत जोडलेलं ते 'संलग्न'. पंचवीस वर्षं तो या दोहोंपैकी एका चौकोनात खूण करत आला होता. बंगलेवाले 'स्वतंत्र' हा शब्द खणखणीत उच्चारायचे. रो-हाउसवाले टेबलाकडे बघत म्हणायचे, "संलग्नच आहे हो." त्या 'च'मध्ये सगळं आलं.

हेडक्लार्कचं स्वतःचं घर नऊ घरांच्या रांगेतलं पाचवं, म्हणजे दोन्हीकडून जोडलेलं. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे सतरंजीएवढं अंगण. घर खरं तर टुमदार होतं. पण सहा वर्षांपूर्वी कचेरीत चहा पिताना मोठे साहेब बोलता बोलता म्हणाले, "तुमचं काय बुवा, तुमचा बंगला आहे," आणि हेडक्लार्कने कपात तोंड घातलं. तो खोटं बोलला नाही, नुसता गप्प बसला. पण तेवढ्याने बंगला उभा राहिला आणि मग दरवर्षी वाढत गेला. कुणी बागेचं विचारलं की तो म्हणायचा, "आहे आपली थोडीशी." कुणी म्हणालं, तुमच्याकडे शांतता असेल, तर म्हणायचा, "असते बरीच."

शांतता! उजव्या हाताच्या घरात गणितबाई राहायच्या. शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, पाठीने ताठ आणि जिभेने सरळ. त्यांच्या आणि हेडक्लार्कच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. सकाळी बाईंकडून दोन थापा यायच्या: चहा टाकलाय. हेडक्लार्कची बायको तीन थापा द्यायची: आले. तिला या शहरात सख्खं कुणी नव्हतं. त्या दहा मिनिटांच्या चहावर तिचा दिवस उभा होता.

हेडक्लार्कच्या आठ वर्षांच्या लेकीचं तर अर्धं शिक्षण भिंतीतून झालं होतं. संध्याकाळी पलीकडून चार थापा येत, जरा थांबून तीन. लेक भांड्यांच्या फळीखाली बसून मोजून बारा थापा द्यायची. उत्तर चुकलं तर पलीकडून नखाने खरखर व्हायची. ती भिंतीची जीभ लेक आणि बाई दोघींचीच होती; हेडक्लार्कने त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. त्याच्या लेखी ती 'ठोकाठोक' होती.

आणि मग त्याच्या नोकरीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. कचेरीने परस्पर ठरवलं, रविवारी सगळ्यांनी हेडक्लार्कच्या बंगल्यावर चहाला जायचं. मोठे साहेबही येणार. बिचाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. नाही म्हणायची सोय नव्हती आणि खरं सांगायची हिंमत नव्हती. त्याने दोन रात्री विचार केला आणि ठरवलं, घर सुटं करता येत नसेल तर निदान सुटं दिसेल असं करायचं.

आडवी येत होती ती वेल. बाईंच्या अंगणातून निघून दोन्ही घरांच्या गच्चीच्या कठड्यावर पसरलेली, निळ्या फुलांची. तिच्यामुळे दोन घरं अगदी एकाच पांघरुणात झोपल्यासारखी दिसत. हेडक्लार्क सोमवारी बाईंकडे गेला आणि नजर चुकवत म्हणाला, की वेलीमुळे भिंतीला ओल येतेय, काढली तर बरं. बाईंनी भिंतीवर हात ठेवून पाहिला. भिंत खडखडीत कोरडी होती. त्या म्हणाल्या, "बरं."

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण जाता जाता तो आणखी म्हणाला, "आणि बाई, रविवारी तेवढी ठोकाठोक नको. माणसं यायचीत."

दुसऱ्या दिवशी कठडा उघडा पडला होता. आणि दोन थापा आल्या नाहीत. बुधवारीही नाहीत, गुरुवारीही नाहीत. बायकोने भिंतीवर थापा देऊन पाहिल्या, उत्तर नाही. ती दारी गेली तर बाई नेहमीसारख्या बोलल्या, फक्त आत ये म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी लेक फळीखाली जाऊन बसायची आणि तशीच उठून यायची. बायकोने नवऱ्याला फैलावर घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. गुरुवारी तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "तुम्हाला बंगल्यात राहायचं होतं ना? राहा आता. अगदी शांत आहे."

शनिवारी रंगारी आला. सगळी रांग मळकट पांढरी. त्यात आपलं घर लिंबाच्या रंगाचं करून उठून दिसावं, असा हेडक्लार्कचा बेत होता. रंगारी म्हातारा, तोंडाचा गोड आणि कामाचा चोख. त्याने शिडी लावली, दारावर हातभर रंग मारून दाखवला, मग शिडी ओढत ओढत गणितबाईंच्या बाजूच्या टोकाला नेली आणि वरूनच विचारलं, "साहेब, रंग कुठं थांबवू?"

"आपलं घर संपतं तिथे."

"तेच तर विचारतोय. भिंत एकच आहे. अर्धी तुमची, अर्धी बाईंची. मधोमध पट्टी लावून रेघ मारू का?"

हेडक्लार्क वैतागून म्हणाला, की मारा कुठेही, पण घर सुटं दिसलं पाहिजे. त्यावर रंगारी ब्रश डब्यावर आडवा ठेवून खाली उतरला आणि अंगणाच्या पायरीवर बसला.

"साहेब, मी बंगलेही रंगवतो. त्यांना नावं नाही ठेवणार. मोकळी जागा असते, रात्री पेटी वाजवली तरी कुणाची झोप मोडत नाही. ज्याला आवडतं त्यानं राहावं. पण बंगल्याच्या चारही बाजू मला रंगवाव्या लागतात. चारही बाजूंनी ऊन खातो, पाऊस खातो. तुमच्या या बाजूच्या भिंतीला बाहेरून रंग कधी दिलाय?"

"बाहेरून? तिला बाहेर आहे कुठे?"

"मग! बंगल्याच्या भिंतीपलीकडे पाऊस असतो. तुमच्या भिंतीपलीकडे माणूस आहे. म्हणून ती कोरडी आहे. कुणाचं घर कसं का असेना, साहेब, घराची लाज वाटायला लागली की समजावं, कुठलाच रंग पुरायचा नाही."

कोरडी! तो शब्द हेडक्लार्कला बरोबर जिथे लागायचा तिथे लागला. ओल आल्याचं खोटंच सांगून त्याने वेल कापायला लावली होती, आणि भिंतीला बाईंनीच इतकी वर्षं कोरडं ठेवलं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली. त्याने रंगाऱ्याला काम थांबवायला सांगितलं आणि बाईंच्या दाराशी गेला, पण फाटकाची कडी काही त्याच्याने उघडली नाही. तो तसाच परतला.

रविवारी दुपारी चार वाजता कचेरी हजर झाली. दारावर लिंबाच्या रंगाचं हातभर ठिगळ, उघडा कठडा, आणि दोन्हीकडे चिकटलेली घरं. सगळे आत बसले. चहा आला. हेडक्लार्क उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "साहेब, एक सांगायचंय. हा बंगला नाही. हे रो-हाउस आहे. सहा वर्षं मी..."

कोपऱ्यात बसलेला कचेरीचा म्हातारा शिपाई बशी खाली ठेवून म्हणाला, "ठाऊक आहे की, हेडक्लार्कसाहेब. तुमच्या घराची नोंद आपल्याच कचेरीत आहे. नोंदवहीचा तो खंड मीच फडताळात ठेवला. संलग्न, रांगेत पाचवं."

 मग टायपिस्टबाईंना हसू आवरेना, आणि मोठे साहेबही हसत सुटले. सगळ्या कचेरीला ठाऊक होतं! पंचवीस वर्षं नोंदी ठेवणारा माणूस आपलीच नोंद विसरला होता. साहेबांना तर सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. पण याने कपात तोंड घातलेलं पाहून कुणाला ते बाहेर काढवेना. "आम्हाला वाटायचं, तुम्हाला आवडतं," साहेब म्हणाले.

हेडक्लार्कचे कान लाल झाले, पण छातीवरचं ओझं उतरलं. तो तडक स्वयंपाकघरात गेला. बायको आणि लेक बघतच राहिल्या. त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंतीवर थाप मारली, एक. काही नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून जरा थांबून त्याने आणखी एक मारली.

पलीकडे कितीतरी वेळ सामसूम. मग भिंतीतून एकच थाप आली.

"एकच?" तो हिरमुसून म्हणाला. "म्हणजे राग गेला नाही."

"बाबा, तुम्ही गणित घातलंत ना?" लेक फळीखालून ओरडली. "एक, मग थांबलात, मग एक. बाईंनी उत्तर दिलं. एक एके एक! बरोबर आहे!"

तो चपला न घालताच धावला. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्याला सुचलं ते एवढंच: "बाई, ओल नव्हती."

"मला ठाऊक आहे," गणितबाई म्हणाल्या. "म्हणून वेल वरूनच कापली. मूळ तसंच ठेवलंय." आणि डोळे पुसत पुढे म्हणाल्या, "चहा गार होतोय ना तिकडे? चला."

सोमवारी हेडक्लार्कच्या टेबलाशी एक तरुण जोडपं आलं. नवऱ्याने खाली बघत सांगितलं, "संलग्नच आहे हो." हेडक्लार्कने चौकोनात खूण केली आणि विचारलं, "भिंतीपलीकडे कोण राहतं?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते अजून विचारलं नव्हतं.

"आधी ते विचारून या," तो म्हणाला. "फॉर्मवर तो रकाना नाही, पण राहायचं त्याच्याच जिवावर आहे."

मंडळी, घर सुटं असो की जोडलेलं, त्यावरून माणसाची उंची मोजायची सवय आपण सोडायला हवी. मोजायचंच असेल तर हे मोजा, की आपण भिंतीवर थाप मारली तर पलीकडून उत्तर येतं का. येत नसेल तर रंगाऱ्याला बोलावू नका. स्वतः जा, आणि फाटकाची कडी उघडा.