वेंधळ्या म्हणजे मी

ज्या शुक्रवारी मी साहेबाचा ओठ फोडला, त्या संध्याकाळी आम्ही चौघंही टीव्हीसमोर बसलो होतो. बाबा, मावशी, साहेब आणि मी. सात वाजता 'खोली एक, भाऊ दोन' लागायचं आणि ते चुकवायची आमच्या घरात सोय नव्हती, कारण ते मावशीच लिहायची.

मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको. माझी आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बारा वर्षांचा झालो तेव्हा मावशी आली आणि तिच्याबरोबर तिचा मुलगा आला. माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा, चादरीला सुरकुती दिसली तर रात्रीचा उठून ती परत घालणारा. पहिल्याच आठवड्यात त्यानं आमच्या खोलीच्या मधोमध जमिनीवर चिकटपट्टी मारली आणि म्हणाला, "तुझा पसारा रेषेच्या पलीकडे." तेव्हापासून तो घरात साहेब झाला. त्याला दादा म्हणायचं, असं मला बजावलं होतं. मी मेलो तरी म्हणणार नव्हतो.

या सगळ्याची मावशीनं मालिका केली. दोन सावत्र भाऊ, खोली एकच. एक टापटीप, एक वेंधळ्या. वेंधळ्या म्हणजे मी. दूध उतू घालवणारा मी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालणारा मी, परीक्षेला भलत्याच विषयाचा अभ्यास करून जाणारा मी. सुरुवातीला मावशी विचारायची. लिहिलेली पानं फ्रिजवर लावायची, वर 'चालेल का?' असं लिहून. आम्ही खाली 'हो' लिहायचो. मला गंमत वाटायची. शाळेत पोरं 'ए वेंधळ्या' म्हणून हाका मारायची, मीही ओ द्यायचो. मग मालिका चालली, दुसरं पर्व आलं आणि फ्रिजवर पानं लागायची बंद झाली. कधी बंद झाली, ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

तर त्या शुक्रवारी. वेंधळ्या न्हाणीघरात कडी लावून बसलाय. नळ सोडलेला. दाराखालून पाणी बाहेर यायला लागलंय. टापटीप दाराला कान लावतो आणि म्हणतो, "आत एक बाई आहे!" प्रेक्षक खो खो हसतात. दार तोडतात. आत वेंधळ्या टबात बसलाय, कपड्यांसकट, एका पायात चप्पल नि कानाशी फोन. फोनमधून बाईचा आवाज येतो :

"अरे, चपला घालून ये. जिन्यात काच फुटलीय. आणि पळू नकोस, पळतोस तू."

वेंधळ्या दचकून उठतो, पळतो, घसरतो, थेट बादलीत. हशा. एवढा मोठा हशा त्या मालिकेत कधी झाला नव्हता.

ते शब्द माझ्या आईचे होते. एकेक शब्द. ती शिवणकाम करायची. दुकानातून तिनं मला फोनवर तो निरोप पाठवला होता, मागे मशीनची खडखड ऐकू येते. चौदा सेकंद. आईचा तेवढाच आवाज माझ्याजवळ आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी न्हाणीघरात नळ सोडून मी तो ऐकायचो, बाहेर कुणाला कळू नये म्हणून. आणि ते एकट्या साहेबाला ठाऊक होतं, कारण एकदा कडी नीट लागली नव्हती आणि तो आत आला होता. तेव्हा काही न बोलता दार ओढून निघून गेला होता.

पडद्यावर टापटीप वेंधळ्याला मिठी मारत होता, हळवं संगीत चालू होतं. मी उठलो आणि साहेबाच्या तोंडावर ठोसा मारला.

मावशी किंचाळली. बाबांनी मला मागून धरलं. साहेबानं हात उगारला नाही, प्रतिकारही केला नाही. रक्त पुसलं आणि म्हणाला, "मी नाही सांगितलं."

"मग भिंतीनं सांगितलं काय रे?"

बाबांचा हात माझ्या दंडावर होता. तो एकदम सैल पडला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. लागला सकाळी उठल्यावर, दात घासताना. ब्रश तोंडात तसाच राहिला.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. शनिवारी ते एका नऊ मजली इमारतीत होते. लिफ्ट बंद, म्हणून मी नऊ जिने चढून गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेलो. चढताना राग कमी होईल असं वाटलं होतं. प्रत्येक मजल्यावर तो वाढतच गेला. बाबा ग्रीसनं माखलेले, गुडघ्यावर बसून पाना फिरवत होते. मला बघून त्यांनी पाना खाली ठेवला.

"तुम्ही सांगितलंत तिला."

"हो."

बस, एवढंच. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, मला ओरडायला तरी जागा मिळाली असती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दाराला कान लावून ऐकायचो मी." फडक्याला हात पुसत राहिले. हात आधीच पुसून झाले होते. "तू आत असलास की. मलाही तिचा आवाज तेवढाच ऐकायला मिळायचा."

"मग दार वाजवायचं होतं! मला सांगायचं होतं, तिला कशाला?"

"मला बोलता येत नाही रे असलं. तुला माहितीय. मला वाटलं, ती छान लिहील. तू बघशील. तुला कळेल की मला ठाऊक आहे."

"टीव्हीवरून? बापानं पोराला टीव्हीवरून सांगायचं? आणि लोकांनी हसायचं?"

"हसतील असं नव्हतं वाटलं."

"विनोदी मालिका आहे ती, बाबा! लोक हसायलाच बसतात तिथे!"

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांच्या त्या खाली घातलेल्या मानेचा इतका संताप आला, की पाना उचलून खाली फेकावासा वाटला. फेकला नाही. खाली माणसं होती. तसाच वळलो आणि जिना उतरायला लागलो.

पाचव्या मजल्यावर पायरीवर साहेब बसला होता. ओठ सुजून वांग्याएवढा. घरापासून तो माझ्या मागे आला होता.

"माफी मागायचीय का माझी?" त्यानं विचारलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. म्हणताना दात आवळलेलेच होते.

"तुझी एक गोष्ट मालिकेत गेली म्हणून तू माझं तोंड फोडलंस. माझी गेली तेव्हा तू काय केलंस, आठवतंय?"

मला काही आठवेना.

"वाढदिवसाचा भाग. टापटीप दिवसभर फोनसमोर इस्त्रीचे कपडे घालून बसतो. त्याच्या खऱ्या बापाचा फोन येणार म्हणून. आणि फोन येतो तो गादीच्या दुकानातून."

आठवलं. मला हसून हसून ठसका लागला होता. बाबांनी पाठ थोपटली होती.

"ते खरं होतं?"

"तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी खरंच गादीच्या दुकानातून आला होता." साहेबानं पँटची घडी नीट केली. "तू सोफ्यावरून खाली पडला होतास हसून. मी तुला मारलं नाही."

माझ्या रागात आता माझाही वाटा होता, आणि तो सगळ्यात कडू लागत होता.

"आज चित्रीकरण आहे," साहेब म्हणाला. "माझ्याकडे पास आहेत."

स्टुडिओ म्हणजे पत्र्याची मोठी शेड. एका बाजूला बाकांवर दीडदोनशे प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला आमची खोली. अगदी आमची. तीच दोन कॉट, तसलीच खिडकी, जमिनीवर चिकटपट्टीसुद्धा. खुर्चीच्या पाठीवर माझा निळा सदरा टाकलेला होता. माझा, खरा! दोन महिने मी घरात तो शोधत होतो आणि मावशी म्हणत होती, "वेंधळाच आहेस, कुठेतरी टाकला असशील."

वेंधळ्याचं काम करणारा नट चांगला पंचविशीचा होता. तो कॉटवर आडवा पडून केळं खात होता. बाजूला एक माणूस पाटी घेऊन उभा होता. तो पाटी वर करायचा आणि लोक हसायचे. इतकं सोपं होतं ते.

मी रेलिंग ओलांडून सरळ त्या खोलीत गेलो.

"बंद करा हे."

लोक हसले.

"हसू नका! मी खरंच सांगतोय!"

लोक जास्तच हसले. पाटीवाल्यानं पाटी वर केलीच नव्हती, तरी हसले. मागून साहेब आला, सुजका ओठ घेऊन, आणि सवयीनं त्यानं आधी कॉटवरची चादर सरळ केली. टाळ्या पडल्या. तो प्रेक्षकांकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "आम्ही खरे आहोत." यावर तर बाकं हलली.

माझ्या डोक्यात रक्त चढलं होतं. मी पुढे गेलो, पहिल्या बाकापर्यंत. एक बाई डोळे पुसत हसत होती. मी तिच्याकडेच बघून बोललो. "काल टीव्हीवर तुम्ही ज्या आवाजावर हसलात ना, ते माझ्या आईचं बोलणं आहे. ती सात वर्षांपूर्वी गेली. तिनं मला काचेवर पाय पडू नये म्हणून सांगितलं होतं. त्यात हसण्यासारखं काय होतं, सांगा मला."

मागचे दोघंतिघं अजून हसत होते. मग तेही थांबले. त्या बाईचा हात तोंडावर गेला. वेंधळ्याचं काम करणारा नट उठून उभा राहिला आणि त्यानं अर्धं केळं कुठे ठेवावं हे न कळून पाठीमागे धरलं.

कॅमेऱ्यांच्या मागून मावशी आली. हातात पानं. चेहरा पांढराफटक.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पण शेवट बघितलास ना तू? शेवटी सगळे रडतात रे. मी तो प्रेमानंच—"

"तू आधी विचारायचीस. फ्रिजवर पानं लावायचीस. का बंद केलंस?"

ती खरं बोलली, आणि त्याबद्दल मी तिला आजही थोडेसे गुण देतो. "कारण तू नाही म्हणाला असतास."

"आणि मी?" साहेबानं विचारलं.

"तूही."

"म्हणजे आई, तुला माहीत होतं," साहेब म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. त्यानं खुर्चीवरचा निळा सदरा उचलला, घडी न घालता माझ्या अंगावर फेकला आणि आम्ही बाहेर पडलो.

रविवारी सकाळी शुक्रवारचा भाग पुन्हा दाखवणार होते. तेवढा प्रसंग काढा, म्हणून मावशी निर्मात्याच्या पाया पडायची बाकी राहिली. तो म्हणाला, या पर्वातला सगळ्यात गाजलेला प्रसंग आहे, कसा काढणार? रविवारी अकरा वाजता तो लागला. बादलीसकट. शेजारच्या घरातून हसणं ऐकू आलं तेव्हा साहेब आणि मी रस्त्यावर आलो आणि जेवायची वेळ टळून जाईपर्यंत परत गेलो नाही. आमच्यात काही मोठी बोलणी झाली नाहीत. त्यानं मला विचारलं, ठोसा कुठे शिकलास. मी म्हणालो, कुठेच नाही. तो म्हणाला, ते कळलंच.

त्यानंतर आम्ही दोघांनी मावशीशी बोलणंच तोडलं. म्हणजे 'हो', 'नाही', 'जेवलो'. त्याच्यापुढे शब्द नाही. जे बोलू ते लिहिलं जाईल, मग बोलायचं कशाला? ती टेबलाशी विषय काढायची, आम्ही ताटात बघायचो. बाबा मध्ये बसून घास मोजल्यासारखे जेवायचे. दोन महिने असं चाललं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, बरं वाटत होतं. तिच्याकडे आता लिहायला काहीच नाही, या विचारानं मला छान झोप लागायची.

ते पर्व संपल्यावर मावशीनं मालिका सोडली. ती आता दुसरंच कुणीतरी लिहितं, आणि शाळेतली पोरं म्हणतात वेंधळ्या आता पूर्वीसारखा राहिला नाही. एक दिवस मी बससाठी उभा असताना ती तिथे आली. घरात बोलली असती तर मी उठून गेलो असतो, हे तिला ठाऊक होतं. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली आणि थांबली.

"माझा राग गेलेला नाही," मी म्हणालो.

"बरं."

"कधी जाईल ते मला सांगता येणार नाही."

"नको सांगूस," ती म्हणाली. बस येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. आता मी तिच्याशी बोलतो. बेतानं.

बाबांशी मात्र अजून जमलेलं नाही. तिनं लिहिलं, तिचा तो धंदाच होता. यांनी तर माझी वस्तू उचलून तिला दिली, तीही फिरून मलाच द्यायची म्हणून. परवा संध्याकाळी ते कामावरून आले, दारातच उभे राहिले. बुटांना ग्रीस लागलेलं होतं.

"अजून रागावलायस?" त्यांनी विचारलं. स्वतःच्या तोंडानं विचारलं, हे खरं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.