बुचाचे झाड काढावे

"माझ्या मराठीत चूक काढणारा अजून जन्माला यायचाय," असं बद्रीनाथ सर कोथरूडच्या शाळेत छत्तीस वर्षं सांगत आले. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या लिफ्टमध्ये सांगायला लागले. मग फाटकावर बागेचा नकाशा लागला.

सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत बाग होणार होती. जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, सेल्फी पॉइंट. खाली 'नागरिकांच्या सूचनांचे स्वागत'. सरांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. कोपऱ्यातलं बुचाचं झाड नकाशात नव्हतंच.

त्या झाडाखाली सर आणि त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई रोज संध्याकाळी बसायचे. फुलांचा सडा पडला की बाई ओंजळ ओंजळ उचलून सरांच्या हेल्मेटमध्ये टाकायच्या. "रिकाम्या जागा भरतेय," म्हणायच्या. बाई जाऊन चार वर्षं झाली. स्कूटरही विकली. सर अजून हेल्मेट घेऊन तिथे जाऊन बसत.

सरांनी मोत्यासारख्या अक्षरात सूचना लिहिली : 'कोपऱ्यातील बुचाचे झाड अद्याप काढलेले नाही. ते त्वरित काढावे.'

पालिकेच्या कचेरीत अर्जाला वर्ष लागतं. हा चार दिवसांत मंजूर झाला. पाचव्या दिवशी सर हेल्मेट घेऊन गेले, तर कोपऱ्यात बुंधा आणि भुसा.

कचेरीत निकिता होती. सरांचीच विद्यार्थिनी, सातवी ब.

"सर, तुमचीच तर सूचना. आलेल्यातली तेवढी एकच वाचता आली."

"अगं, काढावे म्हणजे रेखाटावे. नकाशात."

"मग रेखाटावे लिहायचं ना, सर. तुम्हीच शिकवलंत, संदर्भ बघून अर्थ लावा. मी बघितला. बाकी सगळ्यांना झाडं पार्किंगला आडवी येतात म्हणून काढायची असतात."

सरांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. "नवीन लावाल?"

"लावू की. पंधरा वर्षांत छान सावली देईल."

सर सत्त्याहत्तरचे होते. "बरं," म्हणाले आणि हेल्मेट उचलून निघाले.

निकिताला वाईट वाटलं. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं. पुढच्या आठवड्यात फाटकावर सुधारित नकाशाचा बोर्ड लागला. कोपऱ्यात बुचाचं झाड काढलेलं होतं. खाली बाक. बाकावर, सगळ्याच नकाशांत असतात तशी, कॉम्प्युटरमधली दोन माणसं. एक पुरुष, एक बाई. बाईचा चेहरा दिसत नव्हता.

सर रोज सहाला येऊन त्या नकाशासमोर उभे राहायला लागले.

"सर, आत ट्रॅक झालाय की," वॉचमन पोपट म्हणाला.

"मी इथेच बरा आहे."

मंगळवारी नकाशावर कुणा दिग्विजयभाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. भाऊंचा हात नेमका बाकावर आला होता. सर घरी गेले, कागद घेतला. 'काढावा' असं लिहिलं, खोडलं, शब्दकोश उघडला, आणि नीट लिहिलं : 'फ्लेक्स हटवावा.'

शनिवारी फ्लेक्स हटवला. बोर्डासकट.