केवड्यामागची जागा

गंगाधर रामटेके अंदमानची दोन तिकिटं काढून आले, तेव्हा कलावतीबाई मटार सोलत बसल्या होत्या. जानेवारीतली सकाळ होती. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत ऊन फक्त दाराशी यायचं, आणि तेवढ्याच उन्हात पाट टाकून त्या बसत. गंगाधरांनी तिकिटांचा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“सोळा तारखेचं आहे. कोलकात्याहून विमान. मार्चमध्ये वापस येऊ.”

“कोणाले विचारून काढलं?”

“विचाराचं काय त्यात? आपलंच तर गाव आहे ते.”

“तुमचं असन,” कलावतीबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली. कागदाला त्यांनी हात लावला नाही.

गंगाधर मूळचे गोंदियाचे. तरुणपणी एका जाहिरातीवरून अर्ज केला आणि अंदमानात लाइनमन म्हणून लागले. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं दोन तासांवर एक लहानसं बेट होतं, तिथं त्यांची नेमणूक झाली ती निवृत्त होईपर्यंत टिकली. एकतीस वर्षं. कलावतीबाई रायपूरच्या, याच बूढ़ापाऱ्यात वाढलेल्या. मुलगी मोनाली तीन महिन्यांची असताना तिला पदराखाली घेऊन त्या पहिल्यांदा बोटीत बसल्या होत्या. मोनाली पुढं कॉलेजसाठी मावशीकडे रायपूरला आली, इथंच शंकर नगरमधल्या एका ऑफिसात लागली, इथंच तिचं लग्न झालं. वडील निवृत्त झाल्यावर तिनंच दोघांना इकडं आणलं. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

या दोन वर्षांत गंगाधर बेटाबद्दलच बोलत असत. नऊ वर्षांची नात सोनिया आली की त्यांना तोंड फुटायचं. ओहोटी लागली की पाणी कसं पार लांब जातं आणि खडकांच्या खळग्यांत निळे मासे कसे अडकून राहतात. जेट्टीवर बोट लागायच्या आधी सगळं गाव कसं चहाच्या टपरीशी जमतं, कोणाचं कोणी येणार असो की नसो. वादळात वीज गेली की आबा खांबावर चढायचे, आणि वरून पाहिलं तर झावळ्यांच्या मागं समुद्र दिसायचा. मग खाली उतरून बटण दाबलं की घराघरातून ओरडा व्हायचा.

“फिर क्या हुआ आबा?” सोनिया विचारायची.

“फिर काय, कोणी नारळ दे, कोणी मासा दे. तुझी आजी म्हणे, आता ठेवू कुठं!”

कलावतीबाई आत भाकरी थापत असायच्या. त्या या गोष्टींत कधी आल्या नाहीत. सोनियानं एकदा विचारलंही, “आजी, आपको भी अच्छा लगता था वहाँ?” तेव्हा त्यांनी तिच्या ताटात भाजी वाढली आणि लवकर जेव म्हणून सांगितलं.

तिकिटांचं कळलं तसं संध्याकाळी मोनाली ऑफिसातून थेट आली. तिला वाटलं होतं, आईबाबा मजेनं फिरायला निघाले असतील. दारातच तिला घरातली शांतता जाणवली.

“आई नाही म्हणते,” गंगाधर म्हणाले. “तूच समजाव तिले. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. एकतीस वर्षं राहिली, सुखानं राहिली, आता काहून नाही म्हणून राहिली?”

कलावतीबाईंनी गॅस बंद केला आणि बाहेर आल्या.

“सुखानं?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “बोट नाही सुटली त्या दिवसापासून एक दिवस मी तिथं सुखानं नाही राहिली. तुम्ही हिंडत होते ओहोटीत. मी दिवस मोजत होती.”

“कौनसा दिन, आई?” मोनालीनं विचारलं.

गंगाधरांनी खाली पाहिलं. ते उठले, चपला घातल्या आणि तलावाकडं निघून गेले.

तो दिवस मोनालीला आठवणं शक्य नव्हतं. ती तेव्हा तीन वर्षांची होती. कलावतीबाईंना सातवा महिना होता, आणि अचानक कळा सुरू झाल्या. बेटावर एक नर्स होती, डॉक्टर पोर्ट ब्लेअरला. समुद्र तीन दिवसांपासून खवळलेला होता, बोट सुटण्यासारखी नव्हती. गंगाधर जेट्टीवर जाऊन नावाड्यांच्या पाया पडले, पण त्या पाण्यात कोणी होडी घालीना आणि कोणाला दोषही देता येईना. मुलगा झाला. तासभर जगला. कलावतीबाईंना ताप चढला होता, त्या शुद्धीत आल्या तोवर गंगाधर त्याला घेऊन गेलेही होते. जेट्टीच्या पलीकडं, केवड्याच्या झुडपांमागं त्याला ठेवलं, एवढंच त्यांना नर्सकडून कळलं.

त्यावर नवराबायको पुन्हा कधी बोलले नाहीत. गंगाधर दोन दिवसांनी कामावर गेले. महिनाभरानं चहाच्या टपरीवर हसतानाही दिसले. रोज संध्याकाळी ते ओहोटीला फिरायला जायचे, आणि कलावतीबाई दारातून त्यांची पाठ बघायच्या. या माणसाला काही लागलंच नाही, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं. त्या जागी त्या स्वतः कधी गेल्या नाहीत. जेट्टीवर जायचं झालं तरी मागच्या वाटेनं जायच्या.

सोळा तारखेला गंगाधर एकटेच गेले. त्यांना सोडायला जावई लोकेश गेला. कलावतीबाईंनी दशम्या बांधून दिल्या, औषधांची पिशवी भरून दिली, कोणती गोळी कधी ते चिठ्ठीवर लिहिलं. “जपून जा,” एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी रायपूर भोगायचं ठरवलं. इतकी वर्षं बेटावर बसून त्यांनी ज्याची ज्याची आठवण काढली होती ते सगळं आता दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. त्या बहिणीला घेऊन सदर बाजारात गेल्या, कापडाच्या दुकानात नुसते गठ्ठे उघडून बघितले, कोपऱ्यावर उभ्यानं मूगडाळीची गरम मुंगोडी खाल्ली. गर्दीचा धक्का लागला, स्कूटरवाल्यानं “दीदी, हटो” म्हणून हॉर्न वाजवला. हेच तर हवं होतं. पण घरी येऊन कुलूप काढताना त्यांना वाटलं, आता हे कोणाला सांगायचं. मुंगोडी तिखट होती की बरी होती, हे विचारणारा माणूस तिकडं समुद्रात जाऊन बसला होता.

गंगाधरांचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पहिले दोन दिवस इकडचं तिकडचं झालं. शेजारच्या बंगाली दादांकडे उतरलो, खोली चांगली आहे, जेट्टी नवी बांधली आहे. तिसऱ्या दिवशी फोन आला, पण पलीकडून गंगाधरांचा आवाज येईना. तिकडं अर्धा तास आधी अंधारतं. कलावतीबाईंच्या गल्लीत अजून पिवळं ऊन होतं आणि फोनमध्ये रातकिडे किरकिरत होते.

“बोला ना,” त्या म्हणाल्या.

“तो किनारा नाही राहिला, कलावती.”

“कोणता?”

“केवडा होता न, तो. बंगाली दादांनी फोनवर सांगतलं होतं मले दिवाळीत, का पाणी वर चढून राहिलं, केवडा पडून राहिला म्हणून. त्याच्यासाठीच तिकिटं काढली. म्हटलं त्याले उचलून वर नेऊ, बौद्धविहाराच्या मागं जागा आहे. मी पोहोचलो तोवर सगळं गेलं. पाच हात आत आलं आहे पाणी. मी पांढरे दगड लावले होते भोवताली, एकही नाही.”

कलावतीबाई पाटावर बसल्या.

“तुम्ही दगड लावले होते?”

“दर वर्षी नवे लावत होतो. संध्याकाळी जात होतो न मी. तुले वाटलं, मासे पाहाले जातो?”

“मले सांगतलं काहून नाही?”

“तू नाव नाही काढलं कधी. मले वाटलं, तुले विसराचं आहे तं विसरू द्यावं.”

गल्लीत कोणीतरी लोखंडी फाटक ओढलं. मग कलावतीबाई म्हणाल्या, “मी नाव ठेवलं होतं त्याचं. यशदीप. कोणाले नाही सांगतलं.”

गंगाधर रडत होते. बेटावरच्या एकतीस वर्षांत, आणि त्याआधीही, त्यांचं रडणं कलावतीबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्या फोन कानाशी धरून ऐकत राहिल्या.

गंगाधर लगेच परतले नाहीत. मोनाली चिडली. बाबांना आईची काही पडलेली नाही, असं ती फोनवर लोकेशला सांगत होती ते कलावतीबाईंनी ऐकलं आणि त्या दिवशी त्यांनी मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. तुला भाऊ होता, इथपासून. मोनाली तेहतीस वर्षांची बाई, पण ऐकताना तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. “मुझे क्यों नहीं बताया,” ती एकदाच म्हणाली, आणि मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. वडिलांवर ती पुन्हा चिडली नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गंगाधर आले. वाळले होते, हनुवटीवर पांढरे खुंट वाढले होते. सोनिया धावत आली आणि बेटावरचं सगळं सांगा म्हणून मागं लागली. ते “सांगू, सांगू” म्हणाले, पण सांगितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोर हिरमुसून गेली. घरात आता कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज उरला नव्हता, आणि ज्या गोष्टी ऐकून कलावतीबाईंना दोन वर्षं चीड यायची त्यांच्यावाचून त्यांना करमेना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, “चला, तलावाकडं जाऊन येऊ.”

बूढ़ा तलावाच्या काठावर गर्दी होती. पोरं चणे खात होती, जोडपी फोटो काढत होती. दोघं एका बाकावर बसले. गंगाधर पाण्याकडं न बघता समोरच्या फुगेवाल्याकडं बघत होते.

“मी तापात होती,” कलावतीबाई म्हणाल्या. “मले काहीच माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही काय काय केलं, मले सांगा.”

“आता काहून?”

“मले पाहाचं होतं त्याले. नाही पाहता आलं. तुम्ही सांगा.”

गंगाधरांनी खाकरून सुरुवात केली. त्याचे केस दाट होते, ते म्हणाले, आणि कान तुझ्यासारखे. मोनालीचं एक जुनं झबलं होतं, पिवळं, ते नर्सनं त्याला घातलं, पण ते फार मोठं झालं, म्हणून बाह्या दुमडाव्या लागल्या. पाऊस होता. छत्री वाऱ्यानं उलटी झाली तशी टाकून दिली आणि त्याला शर्टाच्या आत धरलं. शेजारचे बंगाली दादा फावडं घेऊन सोबत आले होते, पण खड्डा मीच खोदला, त्यांना हात लावू दिला नाही. वाळू सारखी ढासळत होती.

“मग?” कलावतीबाईंनी विचारलं.

“मग मी त्रिशरण म्हटलं. निम्मंच म्हणता आलं. पुढचं बंगाली दादांनी त्यांच्या देवाचं म्हटलं.”

“पाय कोणीकडं केले?”

“समुद्राकडं.”

कलावतीबाईंनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत. “अजून सांगा,” त्या म्हणाल्या, आणि गंगाधर सांगत राहिले.