हसण्याचा सराव

"कोण आलंय हो तुमच्याकडे?" शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंनी दारातूनच मान आत घातली. "नाही, केव्हापासून हसण्याचा आवाज येतोय, म्हटलं पाहुणे आले की काय."

"मीच हसत होते."

"एकट्याच?"

"मग काय, तिकीट लावून बोलावू लोकांना?"

बाई माझ्याकडे जरा जपूनच बघायला लागल्या. निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई दार लावून खो खो हसते म्हणजे डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. शेवटी सांगावंच लागलं. माझा फोटो काढणार आहेत, जाहिरातीसाठी. मी मॉडेल आहे. तो शब्द उच्चारताना माझी मलाच लाज वाटली, पण बाईंनी वासलेला आ बघून बरंही वाटलं.

झालं होतं असं, की माझी भाची जाहिरातीच्या कंपनीत आहे. त्यांना जेवणाच्या टेबलाची जाहिरात करायची होती. टेबलाभोवती हसतंखेळतं घर, मुलगा, सून, नातवंडं आणि मध्ये आजी. ठरलेली आजी आयत्या वेळी पाय मोडून घेऊन बसली. भाचीचा फोन आला, "आत्या, आम्हाला एक आजी हवीये. येशील?" मी लग्न केलं नाही, आई व्हायचं राहूनच गेलं, आणि एकदम आजी! बढतीच म्हणायची.

मी लगेच हो म्हटलं, त्यात माझा स्वार्थ होता. माझा चार माणसांतला असा एकही फोटो नाही. ओळखपत्रावरचे आहेत, चोर पकडल्यासारखे. भाचीच्या लग्नात सगळ्या घराचा फोटो काढायचं ठरलं, तेव्हा भावजय म्हणाली, "ताई, यांचा चष्मा आत राहिलाय, तेवढा आणता?" मी चष्मा घेऊन बाहेर येते तो काय, फोटो काढून मोकळे! भाऊ त्यात डोळे बारीक करून उभा आहे आणि मी नाहीच. पुन्हा काढू या, असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही, पण जिवाला लागलं ते लागलंच. आता भाड्याच्या का होईना, माणसांच्या घोळक्यात माझा चेहरा छापून येणार होता. तो मला चौकटीत घालून माझ्या खोलीत लावायचा होता.

भाचीनं फोनवर सूचनांचा भडिमार केला. पाणी भरपूर पी, मीठ कमी खा, नाहीतर चेहरा सुजतो. घड्याळ आदल्या दिवशीच काढून ठेव, मनगटावर वळ राहतो. रेघारेघांचे कपडे नकोत. नवीन क्रीम तोंडाला फासू नकोस. "आणि आत्या, तू हसतेस ना, तेव्हा तुझा खालचा ओठ आत जातो. आरशासमोर जरा सराव कर."

अंगावरचं काढून ठेवणं मला नवीन नव्हतं. मी उभी हयात हॉस्पिटलात एक्स-रे काढले. बांगड्या काढा, साखळी काढा, इथे छाती टेकवा. मग आपण भिंतीआड जायचं आणि काचेतून ओरडायचं, "श्वास घ्या! रोखा! हलू नका! सोडा!" लोकांनी माझा आवाज तेवढा ऐकला. तोंड बघायला कोण थांबतंय, जो तो आपल्या दुखण्यात. बाजारात कुणी ओळख दिली नाही म्हणून मी कधी रागावले नाही. पण हसायचा सराव करायला आरशासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, की आपण हसतो कसे हे आपल्यालाच ठाऊक नाही. समोर कुणी असल्याशिवाय हसू येतं कुठे? ओठ सावरला तर डोळे मेलेले, डोळे हसले की ओठ पळाला आत. चार दिवस मी त्या आरशाशी भांडले. सारं घर माझ्या खोट्या हसण्यानं भरून गेलं, आणि थांबले की आधीपेक्षाही सुनं वाटायचं.

पार्लरमध्ये भुवया कोरून घेतल्या. पार्लरवाली म्हणाली, "घरात लग्न आहे वाटतं?"

"आहे ना. माझंच," म्हटलं. तिच्या हातातला दोरा तुटला.

शूटिंगच्या दिवशी मी वेळेच्या कितीतरी आधी जाऊन बसले. एका मोठ्या हॉलच्या कोपऱ्यात तीन भिंतींचं घर उभं केलं होतं. मेकअपवालीनं माझ्या चेहऱ्यावर असा काही हात फिरवला, की आरशात बघून मी मनात म्हटलं, बाई गं, इतकी वर्षं कुठे होतीस? मुलगा आला, सून आली, दोन नातवंडं आली. कुणी कुणाचं नव्हतं, पण सगळे मला आजी म्हणायला लागले. मी मधल्या खुर्चीत बसले. समोर कॅमेरा. सराव केलेलं हसू काढलं, ओठ सांभाळला.

फोटोग्राफर म्हणाला, "रेडी?" आणि मी छाती भरून श्वास घेतला आणि रोखला.

"आजी, असं ताठ नको. मोकळ्या बसा."

पुन्हा तेच. तो बटणाला हात लावतोय असं दिसलं, की माझा श्वास आपोआप बंद. गाल फुगलेले, डोळे वटारलेले.

"आजी, श्वास घ्या!"

"घेतलाय की. रोखलाय."

"अहो, कशाला रोखताय?"

"हलला तर फोटो बिघडतो," मी म्हटलं. "मग पुन्हा काढावा लागतो, आणि लोक माझ्या नावानं शंख करतात."

मग एक्स-रेचं सगळं सांगितलं. धाकटी नात टेबलावर वाकून ओरडली, "श्वास घ्या! रोखा! हलू नका!" आणि जो हशा पिकला म्हणता! सून तर डोळे पुसायला लागली. मेकअपवाली धावली, काजळ पसरेल म्हणून.

फोटोग्राफर मान तिरकी करून बघत होता. "आजी, तुम्ही जरा इकडच्या बाजूला बसता? हं, कॅमेऱ्याकडे पाठ करून. आणि यांना असंच सांगत राहा."

भाची बाजूला उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं. "आत्या, चालेल ना गं?" तिनं हळूच विचारलं. नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण सगळे खोळंबले होते. मी उठले आणि खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढून त्या चौघांकडे तोंड करून बसले.

मग सांगत सुटले. छाती टेकवा म्हटलं तर यंत्राला मिठी मारणारा पैलवान. रोखा म्हटल्यावर जो रोखला, तो सोडा म्हणायला मी विसरले म्हणून निळा पडलेला कारकून. ती चौघं हसून हसून बेजार झाली, आणि त्यांना बघून मीही हसले. ओठ आत गेला की बाहेर आला, कोण बघतंय! इतकी मनापासून मी कधी हसले होते आठवत नाही. कॅमेरा तेव्हा माझ्या अंबाड्याकडे बघत होता.

काम झालं तसे दिवे बंद झाले. मुलगा फोनवर बोलत निघून गेला. नात तिच्या खऱ्या आईचा हात धरून गेली. जाताना तिनं हात हलवला, पण मला की मेकअपवालीला, कळलं नाही. घरी येऊन मी तोंड धुतलं. ते रंगवलेलं तोंड निघायला बराच वेळ लागला, आणि रडूही आलं, ते काही साबणामुळे नव्हे.

जाहिरात मासिकात आली त्या रविवारी मी भावाकडे होते. भाचीनं पान उघडून भावजयीच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ते जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं.

"ताई, यात तुम्ही कुठे?"

मी अंबाड्यावर बोट ठेवलं.

"अगंबाई! म्हणजे तोंड दिसतच नाही तुमचं."

"नाही दिसत," मी म्हटलं. "पण हे सगळे कुणाकडे बघून हसतायत, ते बघ ना."

पान मांडीवर घेऊन भावजय त्या चौघांचे चेहरे एकेक करून बघत राहिली.