फटीतून आलेल्या शुभेच्छा

मी दारातली टपालाची फट बोलतेय. हसा, हसा! भोकाला कसलं आलंय आत्मवृत्त, असंच ना? पण मला पितळी झाकण आहे, आतलं-बाहेरचं दोन्ही दिसतं, आणि आज मला बोलायचंच आहे. माझा केसानं गळा कापलाय.

मला या घरातल्या बाबांनी जन्माला घातलं. ते सुतार. दारही त्यांच्याच हातचं. बायको म्हणाली, "पत्रं पायरीवर भिजतात हो," म्हणून त्यांनी पटाशीनं मला कोरलं. धाकटा मुलगा तेव्हा शाळेत जायचा. घरी आला की माझ्यातून बोटं घालून ओरडायचा, "आई, भूक!" ती बोटं मी कुठेही ओळखीन.

वर्षभर मी बिलं, पत्रं, जाहिराती गिळायची. नाताळच्या आठवड्यात मात्र सुट्टी. बाबा माझ्यावर चिकटपट्टी लावून टाकायचे. शेजारी चेष्टा करायचे, "काय हो, पोस्टमनवर एवढा राग?"

"अहो, देवानं काय नुसत्या शुभेच्छा धाडल्या?" बाबा म्हणायचे. "तो स्वतः आला. गोठ्यात, गवतावर, बाळ होऊन आला. त्याच्या नावानं शुभेच्छा द्यायच्या तर दार वाजवा, तोंड दाखवा. फटीतून कागद कसले सारताय!"

मग दिवसभर दारावर टकटक चालायची. कामाला नसूनही मला त्या दिवसांत फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी आई गेल्या. धाकटा परगावी होता, दफन उरकल्यावर पोचला. बाबांनी चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर, याच दारात, त्याला सुनावलं, "आईला खांदा द्यायला वेळ नव्हता ना? मग या घराची पायरी पुन्हा चढू नकोस." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. तो गेला तो गेलाच. पुढे दोन गल्ल्या पलीकडे राहायला आला, तरी इकडे फिरकला नाही.

यंदा बाबांनीच माघार घेतली. थोरल्या मुलीला म्हणाले, "त्याला सांग, मी चुकलो. नाताळला ये म्हणावं." ती जाऊन आली. "येतो म्हणालाय, बाबा!"

अहो, काय सांगू! दाराला पॉलिश झालं, माझं झाकण घासून लख्ख झालं. बाबांनी चिकटपट्टी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. "राहू दे उघडी. नाहीच जमलं त्याला, तर चिठ्ठी तरी येईल."

नाताळच्या दिवशी चर्चहून आल्यावर बाबा दारामागेच खुर्ची टाकून बसले. दुपारी पावलं वाजली. धाकटाच! त्यानं दार वाजवायला हात उचलला. आत बाप, बाहेर लेक, मध्ये दोन बोटं जाडीची फळी. वाजव रे, वाजव! आणि त्यानं हात खाली घेतला. खिशातून पाकीट काढलं, आवाज होऊ नये म्हणून झाकण हळूच उचललं आणि ते माझ्या तोंडात कोंबलं. तीच बोटं. पाकीट बाबांच्या पायाशी पडलं तेव्हा तो पाठमोरा झाला होता.

कार्डावर गोठा होता, बाळ होतं. आत छापलं होतं, 'देव आपल्याजवळ आला.' खाली नुसती सही.

"आज कसलं टपाल? सुट्टी ना?" थोरली आतून म्हणाली.

बाबांनी पाकीट उलटंपालटं केलं. "तिकीट नाही गं. तो स्वतः आला होता." त्यांनी धडपडत दार उघडलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"दारापर्यंत येऊन परत गेला? माणूस आहे की धोंडा!"

"मीच फट उघडी ठेवली," बाबा म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याची भूक मी घरात पोचवली, त्यानंच माझी चोरवाट केली. बापाला फसवायला मलाच वापरलं!

बाबा बूट चढवू लागले.

"आता कुठे?"

"त्याच्याकडे. माणसं येतील म्हणून देव वाट बघत बसला असता, तर अजून बसलाच असता."

दिवेलागणीला परतले. "घरात होता. पडदा हलला. दार नाही उघडलं."

"मग चिठ्ठी तरी सरकवायची!"

"छे! उद्या परत जातो."

आज चौथा दिवस. बाबांचं मन मोठं असेल, माझं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. पण धाकट्या, ऐक. बाबा आत्ताच निघालेत. गुडघा सुजलाय, दर खांबापाशी थांबतात. टकटक झाली की पडद्याआडून बघत बसू नकोस. ऊठ, कडी काढ.